'तर' कुठे जातं?

दर रविवारी सकाळी मी सिन्नर फाट्यावरून एकलहऱ्याची रिक्षा धरते. गाव यायच्या बरंच आधी थर्मलची धुराडी दिसायला लागतात. माझं बालपण त्यांच्याच सावलीत, वीज केंद्राच्या कॉलनीत गेलं, त्यामुळे ती दिसली की घर आलंसं वाटतं. आता गावातल्या एका ओळखीच्या घराच्या ओसरीवर आठवी ते दहावीची अकरा मुलं जमतात आणि मी त्यांना इंग्रजी शिकवते. तेहतीस वर्षं शाळेत हेच केलं. निवृत्त झाल्यावरही दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

गेल्या श्रावणातली गोष्ट. बाहेर बारीक पाऊस लागलेला होता, म्हणून मी फळ्यावर पावसाचंच वाक्य घेतलं. 'पाऊस आला तर आम्ही घरी थांबू.' खाली इंग्रजी लिहिलं: 'इफ इट रेन्स, वुई विल स्टे ॲट होम.' मुलं उतरवून घेऊ लागली. नववीतली एक मुलगी मात्र पेन हातात धरून फळ्याकडे बघत बसली होती. गोदावरीच्या कडेला तिच्या वडिलांचं शेत आहे. ती फारशी बोलत नाही. ती म्हणाली, "मॅडम, मराठीत 'तर' आहे. इंग्रजीत ते कुठे गेलं?"

मला माझ्या शिक्षकांनी जे सांगितलं होतं तेच मी तिला सांगितलं. इंग्रजीत ते लागत नाही. तिने मान हलवली आणि लिहायला लागली. परत येताना रिक्षात मात्र मला माझं उत्तर खुपत राहिलं. 'लागत नाही' हे काही उत्तर नव्हे. एका भाषेत जे काम कुणीतरी करत होतं ते दुसऱ्या भाषेत कुणीच करत नाही, असं कसं होईल?

मिश्र वाक्य शिकवताना मराठी मुलं ज्या चुका करतात, त्या मी इतक्या वेळा तपासल्या आहेत की झोपेतही सांगू शकेन. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेन्ट टू स्कूल.' यातल्या 'बट'वर लाल गोल. 'बिकॉज आय वॉज इल, सो आय वॉज ॲबसेंट.' 'सो'वर लाल गोल. 'अनलेस यू डू नॉट स्टडी, यू विल नॉट पास.' 'डू नॉट'वर लाल गोल. दहावीच्या पेपरात 'ऑल्दो'ने सुरुवात करून वाक्य पुन्हा लिहायचा प्रश्न असायचा. 'ऑल्दो' लावलं की 'बट' गाळायचं, हा नियम आम्ही शुभंकरोतीसारखा पाठ करून घेत असू. मुलांना तो पाठ व्हायचा आणि पुढच्याच निबंधात 'बट' परत यायचं. शेतातलं तण उपटावं आणि पावसाच्या एका सरीनंतर ते पुन्हा डोकं काढून उभं राहावं, तसं. मी त्याला निष्काळजीपणा म्हणत आले. मला शिकवणाऱ्यांनीही तेच म्हटलं होतं.

त्या रात्री मी वहीत मराठी वाक्यं लिहीत बसले. व्याकरणाच्या पुस्तकात जोड्या असतात: जर-तर, जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत, जिथे-तिथे. एक टोक गौण वाक्याला, दुसरं प्रधान वाक्याला, आणि मधे दोर ताणलेला. पण आपण बोलतो तेव्हा काय करतो? 'पाऊस आला तर थांबू.' यात 'जर' नाही. 'पाऊस असला तरी निघू.' 'जरी' नाही. 'तो येईल तेव्हा विचार.' 'जागा मिळेल तिथे बस.' 'जेव्हा' नाही, 'जिथे' नाही. जोडीतला पहिला शब्द आपण बिनदिक्कत गाळतो. दुसरा गाळून बघा. 'जर पाऊस आला थांबू.' वाक्य लंगडतं. 'जरी पाऊस होता शाळेत गेलो.' असं कुणी बोलत नाही.

इंग्रजीत नेमकं उलट आहे. 'इफ' राहतं आणि 'देन' गळतं. 'ऑल्दो' राहतं, पलीकडचा शब्द गळतो. दोन्ही भाषांकडे तोच दोर, तीच दोन टोकं. रोजच्या वापरात इंग्रजीने पहिलं टोक हातात ठेवलं, मराठीने दुसरं. मी मात्र तेहतीस वर्षं मुलांना सांगत होते की 'बट' टाक. म्हणजे 'तरी' टाक. त्यांच्या भाषेत जो एकच शब्द टाकता येत नाही, तोच टाकायला सांगत होते आणि त्यांनी तो टाकला नाही म्हणून गुण कापत होते. हे लिहितानाही मला वाईट वाटतं आहे.

नाशिककरांना कसारा घाट माहीत आहे. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा चढ 1 : 37 इतका कडक. त्यासाठी गाडीला मागून आणखी इंजिनं लावतात, रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात. इंग्रजी मिश्र वाक्याचं इंजिन पुढे असतं. 'इफ', 'व्हेन', 'ऑल्दो' हा शब्द कानावर पडताक्षणीच कळतं की पुढे येतंय ते गौण आहे, खरं म्हणणं अजून यायचंय. मराठीचं इंजिन मागे असतं. 'पाऊस आला' इथपर्यंत ऐकणाऱ्याला वाटतं की पाऊस आलाच, आणि मग 'तर' येतं आणि आलेला पाऊस परत ढगात जातो. घाटातल्यासारखी दोन्हीकडची इंजिनं आपण फार जड वाक्यालाच लावतो. कोर्टाचे कागद, ठराव, करारनामे. 'ज्याअर्थी अमुक, त्याअर्थी तमुक.'

शिवाय मराठीत कित्येकदा असा शब्दच लागत नाही. नातं क्रियापदाच्या शेपटीतच असतं. 'ॲज सून ॲज' हे तीन शब्दांचं जडशीळ प्रकरण आपल्याकडे 'पोचताच' होतं, 'पोचल्याबरोबर' होतं, आणि घरी तर 'आल्या आल्या'. 'व्हाइल'चं 'जाता जाता'. 'बिफोर'चं 'निघण्याआधी'. 'ऑल्दो'चंही खरं रोजचं मराठी रूप 'असूनही' हे आहे. पाऊस असूनही गेलो. एकच क्रियापद, एकच श्वास. मुलांना इंग्रजी शिकवताना आपण आधी त्यांचं चांगलं मराठी मोडून 'जरी पाऊस होता तरी आम्ही गेलो' असं करायला लावतो आणि मग त्याचं भाषांतर मागतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्यांना हा वळसा ओळखीचा असेल. माझे वडील त्यांतलेच.

आपल्या व्याकरणाचीच मांडणी अशी झाली आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 चं. शब्दांच्या ज्या आठ जाती आपण नाम, सर्वनाम करत केवलप्रयोगीपर्यंत म्हणत जातो, त्या इंग्रजीतल्या आठांना समोरासमोर बसतात. पुढे 1911 मध्ये मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. मधल्या काळात, 1874 पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला निघाली आणि मराठी गद्याला लांब, फांद्या फुटलेल्या वाक्यांची चाल मिळाली. मेकॉलेचं इंग्रजी त्यांच्या कानात होतं. मला ते लांब वाक्य आवडतं. त्यात माणूस श्वास राखून विचार करताना दिसतो. पण शाळेतल्या मुलाच्या तोंडचं 'आल्या आल्या' हेही मिश्र वाक्यच आहे, हे त्या मांडणीत कुठेतरी दिसेनासं झालं.

'बट'ची गोष्ट अजून संपलेली नाही. रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आमच्या शाळेच्या कपाटात होतं. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्यातल्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले गृहस्थ, पुढे कादंबरीकार म्हणून गाजले. जोडीने येणाऱ्या उभयान्वयी अव्ययांच्या यादीत त्यांनी 'दो-येट' दिलं आहे. म्हणजे इंग्रजीतही दुसरं टोक बांधलं जात असे, फक्त 'बट'ने नव्हे, 'येट'ने. आणखी मागे गेलं तर हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'जेव्हा' आणि 'तेव्हा' या दोन्हींसाठी 'था' हा एकच शब्द होता आणि तो वाक्याच्या दोन्ही अंगांच्या सुरुवातीला येई. था असं झालं, था तसं झालं. आमची मुलं चुकतात ती इंग्रजीच्या विरुद्ध दिशेने जात नाहीत. इंग्रजी जिथून चालत आली, त्याच वाटेवर ती उभी असतात.

आपलेही जोडणारे शब्द कुठून कुठून आले आहेत. 'तो म्हणाला की' मधल्या 'की'चं नातं अनेक अभ्यासक फारसीशी जोडतात. 'येतो म्हणून सांगितलं' मधलं 'म्हणून' कन्नड-तेलुगूच्या शेजाराने रुळलेलं. तिकडेही 'म्हणणे' या क्रियापदापासूनच हा जोड तयार झाला आहे. नामं उसनी घेणं सोपं, जोड उसना घ्यायला माणसं शेजारी राहावी लागतात.

'म्हणून'चं इंग्रजी करताना मुलांची जी दमछाक होते ती वेगळीच. 'आजारी होतो म्हणून आलो नाही.' इथे 'म्हणून' दोन्हींच्या मधे. इंग्रजीत 'बिकॉज' घ्यायचं तर ते उचलून आजारपणाच्या आधी ठेवायचं. बाण फिरवायचा. मूल बाण फिरवतं, पण जुना काढायला विसरतं, आणि मग 'बिकॉज' आणि 'सो' दोन्ही उभे राहतात.

'बिकॉज' म्हटलं की मला माझे वडील, अण्णा, आठवतात. 1970 आणि 1971 मध्ये एकलहऱ्याचे पहिले दोन संच सुरू झाले आणि 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॉटचे तीन. अण्णा या नव्या संचांवर बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. गावाकडून आलेले, इंग्रजी बेताचं. पाळी संपताना लॉगबुक मात्र इंग्रजीत लिहायचं. मी सातवी-आठवीत असेन, नुकतंच 'बिकॉज' शिकले होते आणि मला ते सगळीकडे लावायचं होतं. अण्णा घरी जुन्या वहीत लॉगच्या भाषेचा सराव करत. एका ओळीत वेळ आणि एक घटना. फॅन सुरू. पुढच्या ओळीत वेळ आणि दुसरी घटना. फॅन बंद. मी म्हटलं, "अण्णा, इथे 'बिकॉज' लिहा ना, का बंद झाला ते कळेल." ते म्हणाले, "आपण वेळ लिहायची, बाळा. कारण लिहायचं नाही. कारण लिहिलं की ते आपण सांगितलं असं होतं."

तेव्हा मला ते भित्रेपणाचं वाटलं. पुढे कळत गेलं. दोन घटना एकापुढे एक ठेवणं निराळं, आणि मधे 'कारण' ठेवणं निराळं. पहिल्यात मी फक्त पाहिलेलं असतं. दुसऱ्यात मी निवाडा दिलेला असतो आणि त्या निवाड्याखाली माझी सही असते. दोन्ही घटना नीट तपासल्याशिवाय ती सही करायची नाही, हे अण्णांना कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. घरात मात्र ते भरभरून 'म्हणून' वापरत. आई रागावली आहे, कारण मी उशिरा आलो, म्हणून आज भांडी मी घासणार. तिथे त्यांना सही करायची भीती नव्हती.

त्यांच्यामुळेच मला 'अनलेस' समजलं, आणि तेही फार उशिरा. बॉयलर पेटवण्याआधी भट्टीतून साधारण पाच मिनिटं नुसती हवा खेळवतात. न जळलेलं इंधन वायुरूपात आत साचलेलं असेल तर पहिल्याच ज्योतीला स्फोट होऊ शकतो. या सफाईला 'पर्ज' म्हणतात. पंखे चालू हवेत, इंधनाचे व्हॉल्व्ह बंद हवेत, हवा पुरेशी हवी. सगळ्या अटी एकदम जुळल्या तर वेळ मोजायला सुरुवात. मधेच एक तुटली तर मोजणी पुन्हा शून्यापासून. आणि यंत्रणेतच असं कुलूप घातलेलं असतं की पर्ज झाल्याशिवाय पेटवता येतच नाही. त्याला ते इंटरलॉक म्हणत. घरी जेवताना समजावून सांगत आणि पोळीचा तुकडा हातातच राही.

'पर्ज झाल्याशिवाय बॉयलर पेटत नाही.' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलेलं. आणि वर्गात मात्र 'अनलेस म्हणजे जोपर्यंत नाही तोपर्यंत' असं शिकवत राहिले. 'जोपर्यंत'मध्ये एक 'नाही' असतो. मूल तो इमानाने इंग्रजीत नेतं आणि 'अनलेस यू डू नॉट' लिहितं. 'शिवाय'मध्ये तो 'नाही' शब्दाच्या पोटात असतो, अगदी 'अनलेस'सारखा. (त्यातलं 'अन'सुद्धा नकाराचं नव्हे, जुन्या 'ऑन लेस'मधून आलेलं आहे. तरी नकाराचं काम आता पूर्ण शब्दच करतो.) 'अभ्यास केल्याशिवाय पास होणार नाहीस.' 'यू विल नॉट पास अनलेस यू स्टडी.' घडीवर घडी बसते. तसंच 'अनटिल'चं. 'तो येत नाही तोपर्यंत थांब' असं मनात धरलं की चूक होते, 'तो येईपर्यंत थांब' धरलं की होत नाही. मुलांच्या घरात बरोबर मराठी होतंच. मीच त्यांना अवघड दारातून आत घेत होते.

सन 2000 पासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. आम्ही ते पाचवीत सुरू केलं होतं. मुलांना शब्द आता आमच्यापेक्षा कितीतरी जास्त येतात, उच्चारही चांगले आहेत. पण दोन वाक्यं जोडायची वेळ आली की तीही तिथेच अडखळतात जिथे आम्ही अडखळलो. कारण जोड हा शब्द पाठ करून येत नाही. तो आपण आपल्या भाषेत कसा करतो हे आधी पाहावं लागतं, आणि ते पाहायला आम्ही कधी वेळच दिला नाही.

पुढच्या रविवारी मी फळा कोरा ठेवला आणि त्या मुलीला तिचा प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला. मग सगळ्यांना म्हटलं, शोधा. आधी त्यांनी मराठी वाक्यांतला एकेक शब्द गाळून पाहिला, जसा मी रात्री वहीत पाहिला होता. 'जर' गाळता येतो, 'तर' नाही, हे त्यांनी पाच मिनिटांत शोधलं. आठवीतला एक मुलगा म्हणाला, "पण मॅडम, पाऊस 'आला' का म्हणायचं? तो तर अजून येऊ राहिला." बरोबर होतं त्याचं. न आलेल्या पावसाला आपण भूतकाळ लावतो. जणू तो आलाच असं क्षणभर धरून चालतो आणि मग पुढचं ठरवतो. इंग्रजीला तिथे साधा वर्तमानकाळ पुरतो, म्हणून 'इफ रेन केम' होऊन बसतं. हे त्यांना सांगितल्यावर 'केम' आपोआप गेलं. लाल शाई लागली नाही.

मग मी 'इफ इट रेन्स' नंतर थांबले आणि फळ्यावर स्वल्पविराम जरा मोठा काढला. मोठ्याने वाचा म्हटलं. वाचताना सगळे तिथे थांबले. ती मुलगी म्हणाली, "इथे आहे ते." विरामचिन्हं मराठीत मेजर कँडींनी रुजवली, एकोणिसाव्या शतकात. तोवर आपल्या पोथ्यांना दंडापलीकडे फारसं काही लागत नव्हतं. 'तर', 'तरी', 'तेव्हा' हेच आमचे थांबे होते. कान त्यांच्यावर थांबत असे. इंग्रजीने दुसरं टोक सोडलं आणि तिथे एक थांबा ठेवला.

आठवीतल्या त्या मुलाचं समाधान झालं नाही. "उलटं केलं तर?" त्याने विचारलं. 'वुई विल स्टे ॲट होम इफ इट रेन्स.' स्वल्पविराम गेला. मग 'तर' कुठे गेलं? आम्ही मराठीतही उलटं केलं. 'थांबू घरी, पाऊस आला तर.' 'तर' पावसापाशीच राहिलं, घरापाशी आलं नाही. म्हणजे ते नुसतं पलीकडचं टोक नव्हतं. 'जर' गाळून गाळून त्याचंही काम 'तर'ने अंगावर घेतलं होतं. तेव्हा त्याचा एक भाग 'इफ'मध्ये आहे आणि एक भाग त्या थांब्यात. हे मलाही त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं, आणि मी तसं मुलांना सांगितलं.

बारा वाजून गेले तरी कुणी उठलं नाही. शेवटी पाचपाच वाक्यं घरी करायला दिली.

त्या मुलीची वही पुढच्या रविवारी माझ्या हातात आली. वाक्यं सगळी तिच्या शेतातली होती. वीज आली तर पाणी देऊ. बिबट्या दिसला तर रात्री जाणार नाही. कांद्याला भाव असला तरी आजोबा इतक्यात विकणार नाहीत. इंग्रजी कुठे कुठे चुकलं होतं, पण एकाही ठिकाणी 'देन' नव्हतं की 'बट' नव्हतं. त्या जागी स्वल्पविराम होता. पेन दाबून, दोन-दोनदा गिरवून काढलेला. पान उलटलं तर मागच्या बाजूला त्याचा उठाव बोटाला लागत होता.